दोष वायरीचा

“दोष वायरीचा म्हणायचं, बरं का.” आप्पा हे मला फाटकापाशीच सांगायचे. माझ्या हातातली सामानाची पिशवी स्वतः घ्यायचे, दंडाला धरायचे, आणि मी अजून टीव्हीचं तोंडही पाहिलेलं नसताना निदान करून मोकळे व्हायचे.

माझं शिरूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान. आप्पांचं घर कारेगावात. दोन्ही मुलं रांजणगावच्या कंपन्यांत, लग्नं झालेली, चूल एक. भिंतीवरचा मोठा टीव्ही थोरल्यानं घेतलेला, खालचा गेम खेळायचा कन्सोल धाकट्यानं. शिफ्ट जुळली की दोघं शेजारी बसून क्रिकेट खेळायचे आणि आप्पा मागं खुर्ची टाकून बघायचे. खेळातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं. “एका सोफ्यावर बसत्यात ना, बास,” म्हणायचे. घरात वेगळं निघायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. म्हाताऱ्याची सगळी भिस्त त्या सोफ्यावर होती.

आणि घोडं अडलं ते एचडीआरवर. म्हणजे काय, तर ऊन उन्हासारखं आणि सावली सावलीसारखी दिसावी म्हणून केलेली सोय. ती टीव्हीतही चालू असावी लागते आणि कन्सोलमध्येही. एका बाजूनं बंद केली की संपलं. मग धाकट्याला पडद्यावर लिहून यायचं, हा टीव्ही एचडीआर घेत नाही. म्हणजे दादाचा टीव्ही भंगार. थोरला म्हणायचा, माझ्या मालिका झकास दिसतात, तुझं खोकंच डबडं.

मी जाऊन पाहिलं तर टीव्हीतली सेटिंग बंद. चालू केली, चित्र लख्ख. थोड्या दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा सेटिंग बंद. ती काय आपोआप बंद होते? खेळताना लख्ख चित्र थोरल्याच्या डोळ्याला टोचायचं, म्हणून तो बंद करायचा. धाकट्याला सांगायचा नाही. धाकटाही त्याला विचारायचा नाही. एका छपराखाली राहून दोघं मला शिरूरला वेगवेगळे फोन करायचे. काय म्हणावं असल्या माणसांना?

मी खरं बोलायला तोंड उघडलं की आप्पा मागून खाकरायचे. मग मी कन्सोलपासून टीव्हीला जाणारी वायर काढायचो, फडक्यानं पुसायचो, टोकं बदलून परत लावायचो आणि हळूच सेटिंग चालू करायचो. “वायरच हो,” मी म्हणायचो. “मी म्हणलं नव्हतं?” आप्पा मुलांकडं बघून म्हणायचे.

एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, “खरं कुणाचं बिघडलंय?”

“कुणाचंच नाही. दोघांनी एकदा एकमेकांशी बोलावं, एवढंच.”

आप्पांनी बशीतला चहा संपवला. “ते आमच्यात व्हायचं न्हाई,” म्हणाले. “तुम्ही वायरीचंच धरा.”

दिवाळी झाली आणि वाटणी झाली. टीव्ही भिंतीवरून उतरवायला मलाच बोलावलं. थोरला तो घेऊन शिक्रापूरला फ्लॅटवर गेला, धाकटा कन्सोल घेऊन रांजणगावला. कारेगावच्या घरात भिंती घालून खोल्या केल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. भाडं निम्मं निम्मं. पुढं दोघांनीही मला कौतुकानं फोन केले. धाकट्यानं नवा टीव्ही घेतला होता, थोरल्यानं नवा कन्सोल. चित्र एकदम कडक, म्हणाले. मी विचारलं, आप्पा कुणाकडं? थोरला म्हणाला, “धाकट्याला विचारा.” धाकटा म्हणाला, “दादाला विचारा.” एवढ्या एकाच बाबतीत दोघांचं एकमत झालेलं पाहिलं. मला त्यांचा राग आजही येतो.

आप्पा दौंडला लेकीकडं निघाले, त्या दिवशी दुकानात आले. पिशवीतून ती वायर काढून काउंटरवर ठेवली. नीट गुंडाळून वर रबर लावलेलं होतं.

“दोघांनी नव्या घेतल्या. ही कुणालाच नको झाली. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या.”

“आप्पा, हिच्यात कधीच दोष नव्हता.”

“मला काय ठाव न्हाई व्हय?”

दौंडची गाडी लागायची वेळ झाली होती. स्टँडपर्यंत सोडावं म्हणून मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढं केला. त्यांनी ती दिली नाही.