फोडशीचा वाफा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसले होते, तेव्हासुद्धा नाही. मध्येच थांबले तर घाई करू नका.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. येडशीत आमचं घर. न्हाणीमागं उंबराची दाट सावली, ओल कायमची. तिथं माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, रामलिंगच्या दरीतून कंद आणून फोडशी लावली होती. रानातली भाजी ती — लांब पाती, पांढरी फुलं. कोवळ्या फुलांसकट चिरून डाळीत घालायची. ऊन लागलं की मान टाकायची, पाणी साचलं की कुजायची. आत्याबाईंनी तिला लेकरासारखं जपलं.

मी थोरली सून. आत्याबाईंचे गुडघे धरले तेव्हा वाफा आता माझ्याकडं, असं मी धरूनच चालले होते. त्यांनी तो धाकटीला दिला — गोदाला. तिच्या हाताला ओल कळती म्हणाल्या, चार बायकांसमोर. एवढंच. एवढ्यावरून माणूस असं करतं का?

मी केलं. दुपारी घरात कुणी नव्हतं. चुलीवरचं उकळतं पाणी नेऊन वाफ्यावर ओतलं.

पाती पिवळी पडली. कंद उकरले तर लिबलिबीत. आत्याबाईंनी गोदाला विचारलं, ती न्हाय म्हणाली. मग मला विचारलं. तेव्हा तरी — गप्प बसता आलं असतं ना?

"धुण्याचं सोड्याचं पाणी तिनंच वतलं," मी म्हणाले. "म्या बघितलं."

भाजीपायी कुणी सून टाकत नाही. पण गोदा खोटं बोलते, हे आत्याबाईंच्या मनात बसलं ते बसलंच. ती कळंबला माहेरी गेली, काही महिन्यांनी परत आली, तरी तिनं रांधलेलं त्या जेवेनात. दीरही तिच्याशी तुटक वागायला लागला. कधी कधी ती माझ्याकडं नुसती बघत राहायची. तिला कळलं होतं का? — विचारायची माझी छाती झाली नाही.

आत्याबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं गोदानंच केलं. पण पेजेची वाटी तिनं ओठाला लावली की त्या तोंड फिरवायच्या. मी दारात उभी. एक वाक्य पुरलं असतं — एकच.

गोदानं वाटी माझ्या हातात दिली.

"तुमी पाजा, अक्का. तुमच्या हातनं घेतील."

मी पाजली. त्या प्याल्या.