इस्त्रीचे साडेसातशे वॉट

अख्खी गल्ली त्यांना अँपिअर म्हणायची. तोंडावर अँपिअरमामा, पाठीमागे नुसतं अँपिअर. इस्त्र्या, गीझर, मिक्सर दुरुस्त करायचं त्यांचं दुकान दोन माणसं जेमतेम मावतील एवढं. वस्तू खोलायच्या आधी ते ती चालू करून बघत. मीटरवर व्होल्ट बघायचे, वायरीला चिमटा लावून अँपिअर बघायचे, आणि मनातल्या मनात भागाकार करून सांगायचे, "कॉइल चांगली आहे. दुखणं दुसरीकडे आहे."

शेजारच्या स्टुलावर बायको बसायची, वस्तूंना गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावत. ऐकून ऐकून तीही तयार झाली होती. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, गुणलं की वॉट.

"म्हणजे आपल्या घरासारखंच," ती म्हणायची. "रोध माझा, वॉट तुमचे."

"आणि झटका?"

"तो तुमच्या आईचा होता. गेला बिचारीबरोबर."

मग तिची फुप्फुसं आकसायला लागली. आधी जिना बंद झाला, मग दुकान. शेवटी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं आणि नाकात नळी आली.

मामांनी मशीनला चिमटा लावला. दोनशे तीस व्होल्ट, दीड अँपिअर. तीनशे पंचेचाळीस वॉट. पंख्याचे साठ धरून चारशेच्या आसपास. नवी बॅटरी आणली, ती साडेतीन तास पुरेल असं काढलं. भागात लाइट जायची ती फार तर दोन तास. इन्व्हर्टर मुद्दाम मोठा घेतला, मशीन चालवताना त्याची दमछाक नको म्हणून. खोलीतले सगळे प्लग त्यावर जोडले, म्हणजे तिला कुठे काय लावायचं याचा विचार करायला नको. दाराजवळ एक भरलेला सिलिंडरही ठेवला.

लाइट गेली की इन्व्हर्टर दर मिनिटाला पिप-पिप करायचा. दुपारी तिचा जरा डोळा लागला की दचकून उठायची. "अहो, ह्याचं तोंड बंद करा ना," ती एकदा म्हणाली. मामांनी त्याच दिवशी बझरची वायर काढून टाकली.

त्यानंतर महिनाभराने, एका मंगळवारी सकाळी, मामा दुकानात गेल्यावर लाइट गेली. पंखा फिरत होता, मशीन चालू होतं, तिला काही कळलं नाही. त्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं. पलंगावरच घडी केलेली चादर पसरून ती मामांच्या शर्टांना इस्त्री करायला बसली. कधीची साठलेली कपड्यांची चळत होती.

दुकानातही लाइट नव्हतीच. मामांनी घड्याळ बघितलं. साडेतीन तास आहेत, घाई नाही, असं म्हणून एका मिक्सरचं बेअरिंग बसवत राहिले.

तासाभरात बॅटरी बसली. मशीन शिट्टी मारून बंद पडलं. नळी काढून ती सिलिंडरकडे निघाली आणि अर्ध्या वाटेवर कोसळली. शिट्टी ऐकून शेजारीण धावली, तिनेच मामांना फोन केला.

दवाखान्यात ती दोन दिवस होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मास्क जरासा बाजूला केला.

"पंखा चालू होता हो. मला वाटलं लाइट आहे."

"तुझं काही चुकलं नाही. बझर मी काढला."

"मीच मागे लागले होते ना." मग ती म्हणाली, "निळ्याची एक बाही राहिलीये."

"राहू दे गं. बोलू नकोस."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मामांनी दुकान उघडलं नाही. पलंगाशी बसून कागदावर आकडे मांडायचे. इस्त्री तीन पूर्णांक तीन अँपिअर, साडेसातशेच्या वर वॉट. मशीन, पंखा धरून साडेअकराशे. तासभर. हिशोब बरोबर जुळत होता. इन्व्हर्टर लहान असता तर इस्त्री लावताक्षणी बंदच पडला असता, हेही त्यांना कळत होतं. आठवडाभर राहायला आलेल्या लेकीने तो कागद बघितला.

"बाबा, किती वेळा करणार हे?"

"उत्तर तेच येतंय."

"मग थांबा ना."

ती जवळ बसून राहिली. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पुन्हा सुरुवात केली.

तीन महिन्यांनी दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. एका निवृत्त ड्रायव्हरच्या बायकोला मशीन हवं होतं. मामांनी ते स्वतः नेऊन दिलं. त्यांच्या खोलीत मशीनसाठी वेगळा प्लग काढला, वेगळ्या बॅटरीवर, आणि त्यावर दुसरं काही लागू नये म्हणून मशीनची वायर थेट आत जोडून टाकली. ड्रायव्हर टॉर्च हातात धरून उभे होते.

"तुमच्या घरी कोण आजारी होतं?"

"बायको."

"बऱ्या झाल्या का आता?"

मामांनी स्क्रू पुरता आवळला. "नाही," म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले. इतक्या दिवसांत ते रडले नव्हते. आता त्यांना थांबता येईना. टॉर्च बाजूला ठेवून ड्रायव्हरही त्यांच्याशेजारी जमिनीवर टेकले. पलंगावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो?"