गिऱ्हाइकाचा सोफा

सोफे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात सोफा नसतो, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर कळलं. एक खोली, पुढे चिंचोळं स्वयंपाकघर, एक पलंग आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढ्यावर दोघांचा संसार सुरू झाला होता. जिना उतरून रस्ता ओलांडला की दुकान. तिथे मात्र कायम सोफे, आरामखुर्च्या आणि दिवाण एकमेकांना खेटून उभे असायचे. सगळे दुसऱ्यांचे.

दुकान मूळ त्याच्या बाबांचं. गिऱ्हाइकाच्या वस्तूवर आपण टेकायचं नाही, दमलं तर स्टूल आहे, हा त्यांचा नियम. लहानपणी एकदा तो तापाने फणफणला होता, तेव्हाही बाबांनी त्याला शेजारचा नवाकोरा दिवाण सोडून काथ्याच्या गाठोड्यावर झोपवलं होतं. आई फार लवकर गेली. तेव्हापासून घरात दोघंच, आणि बाबा बोलणारे नव्हते. तोंडात खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे गप्प राहणं अंगवळणीच पडलेलं. सणाची मोठी सुट्टी आली की दुकान बंद व्हायचं, बापलेकांचं जेवण चटकन उरकायचं, बाबा वर्तमानपत्र उघडायचे आणि पोरगा खिडकीतून समोरच्यांकडे येणारे पाहुणे बघत बसायचा.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. मित्र चिडवायचे, दोघांचाही धंदा सुयांचा, फरक एवढाच की सोफा ओरडत नाही. तिचं माहेर माणसांनी गजबजलेलं. तिथे चौघं एकदम बोलत, कुणीच कुणाचं ऐकत नसे, तरी सगळ्यांना सगळं कळे.

लग्नानंतरच्या पहिल्या सणाला दुपारी तिच्या माहेरी आणि संध्याकाळी जुन्या घरी, बाबांकडे जायचं ठरलं. पण माहेरी पंगती उठेनात. मावशीने आग्रह करून करून वाढलं, मेव्हण्याने पत्ते काढले, जावईबापूंना कुणी सोडेना. बाबांकडे पोचेपर्यंत सगळं जेवण गार झालं होतं. बाबांनी तीन ताटं मांडून ठेवली होती आणि स्वतः जेवले नव्हते. त्यांनी उठून फक्त भांडी पुन्हा गॅसवर ठेवली. त्या दोघांनी तुडुंब भरल्या पोटावर परत मुकाट्याने जेवण केलं.

दुसऱ्या वर्षी सण जवळ आला तशी ती म्हणाली, "या वेळी आपण कुणाकडे जायचं नाही. सगळ्यांना आपल्याकडे बोलवायचं."

"आणि बसवायचं कुठे? गॅसच्या शेगडीवर?"

"दुकानात."

त्याने कपाळाला हात लावला. पण ती हट्टाला पेटली की ऐकायची नाही. आदल्या दिवशी दोघांनी दुकान झाडून काढलं, फोमचे तुकडे पोत्यात कोंबले, सोफे भिंतीला लावले आणि त्यांच्यावर चादरी टाकल्या. मधे सतरंज्या अंथरल्या. बसायचं खालीच, म्हणजे बाबांचा नियम मोडायचा प्रश्न नाही.

सणाच्या दिवशी माहेरचं अख्खं लटांबर आलं, त्याचे दोन मित्र बायकांना घेऊन आले, लॅबमधली तिची मैत्रीण आली. प्रत्येकाच्या हातात डबा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सर्वांच्या आधी येऊन दाराशी स्टुलावर बसले होते, परक्या दुकानात आल्यासारखे.

घोडं अडलं ते सासऱ्यांच्या गुडघ्यांपाशी. त्यांना खाली बसता येईना. भिंतीला धरून अर्धे वाकले आणि तिथेच थांबले. घरून खुर्ची आणतो म्हणून जावई धावला, तर दोन्ही खुर्च्यांवर पातेली ठेवलेली. तो रिकाम्या हातांनी परत आला तेव्हा बाबा उठले होते. त्यांनी सगळ्यात मोठ्या सोफ्यावरची चादर काढली, नीट घडी घातली आणि व्याह्यांचा हात धरून म्हणाले, "इथे बसा. परवाच भरलाय. मऊ आहे."

त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. बायकोने त्याला कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे तो वाढायला लागला.

जेवणं रंगली. मेव्हण्याने या दोघांच्या लग्नातला बुटांचा किस्सा सांगितला, नवरदेव डाव्या पायात एका जोडीचा आणि उजव्या पायात दुसऱ्या जोडीचा बूट घालून फोटोला उभा राहिला होता तो, आणि बाबा चक्क हसले. पोट भरल्यावर सासरे जे आडवे झाले ते घोरायलाच लागले.

तेवढ्यात दारात बाई उभ्या राहिल्या. बाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. सोफा त्यांचाच. सुट्टीनंतर न्यायचा ठरला होता, पण घरी अचानक पाहुणे आले आणि बसायला जागा नाही, म्हणून दुकान उघडं दिसल्यावर त्या आत डोकावल्या. समोर त्यांच्या सोफ्यावर एक अनोळखी गृहस्थ घोरत पडलेले.

तो पुढे होणार, इतक्यात बाबा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. पोरांना काही बोलू नका."

बाईंनी झोपलेल्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं. "हे कधीपासून झोपलेत?"

"जेवल्यापासून."

"आणि उठले नाहीत? अहो, हा सोफा इतका कुरकुरायचा की माझं मांजरसुद्धा त्यावर टिकत नव्हतं. काम झकास झालंय तुमचं."

सगळे पोट धरून हसले, त्या आवाजाने सासरे जागे झाले आणि कोण पाहुणे आलेत म्हणून विचारू लागले. बाईंना आधी जेवायला बसवलं. नको नको म्हणत त्या दोन-दोन गोडाचे पदार्थ चाखून उठल्या. मग मेव्हणा, दोघं मित्र आणि तो अशा चौघांनी सोफा उचलला. पुढे बाई, मागे कुशन काखेत मारून बायकोच्या बहिणी आणि वहिनी, सगळ्यात शेवटी लंगडत सासरे. आपण बिछाना पोचवायला निघालोय, असं ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते.

परत आल्यावर तो बायकोबरोबर दुकानामागच्या नळावर भांडी घासायला बसला. आतून बाबांचा आवाज येत होता. काथ्या चांगला की फोम, यावर ते व्याह्यांशी हिरिरीने वाद घालत होते. इतकं सलग बोलताना त्याने त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. त्याचा हात परातीवर थांबला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. बरं केलंस तू," तो म्हणाला. आणखी बरंच म्हणायचं होतं, पण बोलण्याच्या बाबतीत तोही बापाचाच मुलगा. तिने मान डोलावली आणि साबण त्याच्याकडे सरकवला.

आत बाबांनी सतरंजीची कड उलटून जमिनीवर खडूने स्प्रिंगचं चित्र काढायला घेतलं होतं, आणि सासरे ते मान वाकडी करकरून बघत होते.