नव्या नावात आईचं नाव नाही

मी पडेगावहून निघाले त्या दिवशी माझे वडील, अण्णा, वाळूजच्या कंपनीतली पहिली पाळी बुडवून मला विमानतळावर सोडायला आले होते. आत जाताना एवढंच म्हणाले, "तिकडं कुणाला नडू नको, पण कुणापुढं वाकू बी नको." मी नर्स म्हणून मँचेस्टरला चालले होते. धर्म बदलायचं तेव्हा मनातही नव्हतं.

तिथल्या वृद्धाश्रमात एक ज्यू आजी माझ्याकडं होत्या. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्या दोन मेणबत्त्या लावायच्या. हात कापायचा, म्हणून मी मनगट धरायची. हिवाळ्यात तिकडं चारलाच अंधार पडतो आणि खोलीवर परत गेलं की बोलायला कुणी नसतं. त्या ज्योतींपाशी मात्र मला शांत वाटायचं. आजी गेल्या, आणि पुढच्या शुक्रवारी माझी पावलं आपसूक सिनेगॉगकडं, त्यांच्या प्रार्थनाघराकडं वळली. तिथल्या रब्बाय, म्हणजे धर्मगुरू बाईंनी आधी परतच पाठवलं. म्हणाल्या, नीट विचार करा. मी पुन्हा गेले. हिब्रू शिकले, सणवार शिकले. दोन हिवाळे त्यातच गेले.

शेवटी धर्मात जाताना अंगावरचं सगळं, नाकातली चमकीसुद्धा काढून कुंडातल्या कोमट पाण्यात तीनदा बुडी मारायची असते. बाहेर आले तेव्हा बायकांनी मिठ्या मारल्या, गाणं म्हटलं. माझं नाव रूथ झालं. धर्मात नव्यानं आलेल्याला आईबापांच्या जागी अब्राहम आणि सारा यांची नावं लावतात. हे मला आधीच ठाऊक होतं. तरी ते नाव मोठ्यानं वाचलं गेलं, तेव्हा त्या माणसांत मी माझी माणसं शोधत राहिले.

आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा अख्खी वस्ती त्यांच्यासोबत होती. मी एकटीच गेले. फोनवर अण्णा म्हणाले, "तुझ्या आज्यानं माणूस म्हणून जगायला धर्म बदलला. तुला काय कमी पडलं?"

"काही नाही, अण्णा," मी म्हणाले. याहून खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आईनं एवढंच विचारलं, "मग माझं नाव कुठं गेलं?"

यंदा घरी गेले, तर आईनं ओट्यावर नवं ताट, नवा तवा, नवा पेला मांडून ठेवला होता. "तुमच्यात भांडी वेगळी लागतेत म्हणं."

माझ्या आज्जीला लोकांच्या दारात वेगळ्या कपात चहा मिळायचा. पिऊन झाला की तिनंच तो कप धुऊन गोठ्याच्या कोनाड्यात उपडा ठेवायचा. हे मला आईनंच सांगितलेलं.

"आई, भांडी मटणापायी वेगळी ठेवतात. मी मटण-मच्छी सोडलंय. आपल्याच ताटात वाढ."

"नको बाई. लई मनापासून केलंस ना तू? माझ्यापायी मोडायला नको."

ताटाला हात लागू नये म्हणून तिनं वरूनच भाकरी सोडली. मी तिचा हात धरून ताटात टेकवला. तिनं तो हळूच काढून घेतला. अण्णा खाली मान घालून जेवत राहिले.

घर कुठलं, असं मँचेस्टरला कुणी विचारलं की मी अजून पडेगावच सांगते. तिथं माझं ताट आहे. वेगळं.