चार इंची पन्हाळ

कॉलेजात माझं गणित चांगलं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा माझ्या त्या हुशारीनेच केला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा बाबांनी वर्ध्यातली भाड्याची खोली सोडून पिपरी मेघेला घर बांधलं. किराणा दुकानदाराच्या ऐपतीचं घर, जागा बेताची. म्हणून पत्र्याचं छप्पर एकाच बाजूला उतरतं ठेवलेलं. त्या बाजूला माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ, आणि बोळीपलीकडे शेजारच्या काकूंची मातीची भिंत. काकू एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लग्न होऊन हिंगणघाटला. ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल लावून त्या आपलं भागवायच्या.

पहिला पावसाळा आम्ही पन्हाळीशिवायच काढला. नव्या घराच्या कौतुकात पत्र्यावरचं पाणी जातं कुठे, हे कुणी पाहिलंच नाही. दुसऱ्या वर्षी मृगाच्या आधी बाबांनी पन्हाळीचं मनावर घेतलं आणि टिनाच्या पेट्या, कोठ्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने छपराकडे पाहिलं, बोळीत डोकावलं आणि एकच विचारलं.

"थोडं सांडलं त चालते काय?"

"म्हंजे?" बाबा म्हणाले.

"लहान पनाळ रिपरिप पावसाले पुरते. जोराचा पानी आला का वरून सांडते. खाली अंगन असन त काई बिघडत नाई. इथं लोकाची भित आहे जी. दहा इंची घ्या लागन."

दहा इंच ऐकून मला हसूच आलं. घराला गुरांची गव्हाण टांगल्यासारखं दिसलं असतं. मी वही आणली. छपराची लांबी-रुंदी घेतली, दिवसभराचा मोठ्यात मोठा पाऊस धरला, त्याला चोवीसने भागलं आणि तासाला किती पाणी येईल ते काढून दाखवलं. चार इंच पुरेपूर होतं. आमच्याकडचा पाऊस असा तासातासाला वाटून पडत नाही, अर्ध्या तासात सगळा ओतून मोकळा होतो, हे मला जन्मापासून माहीत होतं. वहीत ते आलं नाही.

"बराबरच असन, बेटा," कारागीर म्हणाला, आणि बाबांकडे पाहत राहिला.

बाबांना लेकीच्या शिक्षणाचं भारी कौतुक, पण कारागिराचं बोलणंही त्यांना टाकवेना. ते मला म्हणाले, "जा, काकूले इचारून ये. मागच्या साली आपलं पानी त्याईच्या भितीवर येत होतं काय. येत असन त मोठी घेऊ."

मी गेले. काकू मशीनवर होत्या. भिंतीकडेची मशीन खोलीच्या मधोमध आलेली मी पाहिली, पण मला घाई होती. दारातूनच विचारलं, "काकू, आमच्या छपराचं पानी तुमच्याकडं येत नाई ना?"

काकूंनी मशीन थांबवली, माझ्याकडे पाहून हसल्या. "नाई वं माय. काई नाई येत."

मी उड्या मारत परत आले. चार इंची पन्हाळ बसली. हिरवा रंग दिलेली, बारीक, देखणी. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती दाखवत होते.

जुलैत एका दुपारी आभाळ फाटलं. आधी ते पाणी पत्र्याच्या सगळ्या लांबीने पडायचं. आता ते पन्हाळीत गोळा व्हायचं आणि पन्हाळ जिथे जरा वाकली होती तिथून एका जाड धारेने काकूंच्या भिंतीवर आदळायचं. पत्र्याच्या आवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. पाऊस थांबला तेव्हा पोतं फेकल्यासारखा धप्प आवाज आला. आई ओरडली, "भित गेली!"

आम्ही धावलो. काकूंच्या भिंतीचा खाटेएवढा तुकडा आत कोसळला होता. काकू मशीनशेजारी उभ्या होत्या, त्यांना खरचटलंही नव्हतं. मशीन जुन्या जागी असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

आत जे दिसलं ते मी विसरले नाही. उरलेल्या भिंतीला खताच्या पोत्यांचं प्लास्टिक खिळ्यांनी ठोकलेलं, खिळे गंजलेले. बुडाशी विटांची रांग, विटांवर जुन्या लुगड्यांचे बोळे कोंबलेले. हे काही एका दिवसाचं काम नव्हतं. गेल्या साली आम्ही नव्या घरात भजी तळून पाऊस पाहत होतो, तेव्हा काकू इथे लुगडी पिळत होत्या.

बाबांचा आवाज फाटला. "काऊन नाई सांगतलं जी?"

"तुमी हौसेनं घर बांधलं भाऊ," काकू म्हणाल्या. "पैल्याच पावसात गाऱ्हानं कसं घेऊन येऊ?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी राहून कसं विचारलं होतं, ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. मीच संध्याकाळी बाबांना सांगितलं, रडत रडत. मला वाटलं, दोन लावतील. ते एवढंच म्हणाले, "तू त्याईच्याकडून 'नाई' म्हनवून घेतलं बेटा. पन चूक माहीच. मी सोता जाले पाहिजे होतं."

काकू महिनाभर आमच्याकडे राहिल्या, आईच्या खोलीत. तेवढ्यात बाबांनी तिकडे विटांची भिंत उभी केली. मग कारागिराला परत बोलावलं आणि सांगितलं, "आता माप काकू सांगतीन."

अंगणात काकूंना पुढे केलं. त्या लाजून चूर. कारागीर म्हणाला, "सांगा बाई, केवढी पाह्यजे?" काकूंनी दोन्ही हातांत अंतर धरून दाखवलं. जेमतेम पाच इंच असेल. भिंत पडलेली, महिनाभर परक्या घरात काढलेला, तरी मागताना पाच इंच. मला त्यांचा राग आला आणि भडभडूनही आलं.

आई उठली. तिने काकूंची दोन्ही मनगटं धरली आणि हात लांब केले.

"एवढी!"

"एवढी त नहर होईन भाभीजी," कारागीर म्हणाला, आणि काकूंसकट सगळे हसलो. दहा इंच ठरलं. ती बसली आणि घराची शोभा पार गेली. त्या साली भिंतीवर थेंब आला नाही. तरी बाबा दर पावसानंतर बोळीपलीकडे जाऊन विचारायचे आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "काई नाई भाऊ, सगळं बेस आहे." बाबा हो म्हणून परत यायचे, पण त्यांना ते खरं वाटत नसे. ते स्वतः भिंतीला तळवा लावून पाहायचे.

पुढच्या वर्षीच्या पावसात आम्ही जेवायला बसलो होतो. दार वाजलं. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या काकू.

"भाऊ, तुमच्या पनाळीचा जोड गळून राह्यला. माह्या भितीवर येते पानी. पह्यले ते पाहा!"

बाबा ताटावरून उठले. "येतो, येतो," म्हणताना ते हसत होते. आई म्हणाली, "पाऊस त थांबू द्या." पण ते शिडी घेऊन बोळीत शिरलेही होते. मी खाली शिडी धरली. काकू पावसात उभ्या राहून वर बोट दाखवत होत्या, "तिकडं नाई वो भाऊ, इकडं! दिसत नाई काय?"

दोन पावसाळे आमचं पाणी मुकाट्याने सोसलेली बाई आम्हाला रागावत होती. बाबा वरून "हो जी, हो जी" म्हणत होते. मला फार बरं वाटलं.