कारणाचा रकाना

माझ्या मामाला कोरा रकाना बघवत नाही. वहीतला असो नाहीतर माझ्या रजेच्या अर्जातला, 'कारण' या शब्दापुढची जागा रिकामी दिसली की त्याचा जीव खालीवर होतो. एकदा मी तिथे 'वैयक्तिक' असं लिहिलं, तर म्हणाला, "हे कारण नाही, ही टाळाटाळ आहे." माझ्या साहेबांना जे खटकलं नाही ते याला खटकलं.

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. तीस वर्षं तेच करतोय. त्याच्या खिशात कायम एक लांबट वही असते आणि तिच्यात चार रकाने असतात: तारीख, बिघाड, कारण, उपाय. अशा एकोणीस वह्या कपाटावर रचून ठेवल्या आहेत आणि त्यांत कारणाचा एकही रकाना कोरा नाही, हे तो आल्यागेल्याला न विचारता सांगतो. झिजलेली पट्टी, सैल झालेली वायर, पॅनेलमध्ये संसार थाटलेली पाल, सगळं तारखेनिशी. नियम एकच, कारण सापडल्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही. नुसती चालू करून निघून जाणाऱ्या मिस्त्र्यांना तो 'बटणदाबे' म्हणतो. याहून वाईट शिवी मी त्याच्या तोंडून ऐकलेली नाही.

नोकरी लागल्यापासून मी मामा-मामीकडेच राहते, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मामी शिवणक्लास घेते. दोन गल्ल्या सोडून, एका दुकानावरच्या खोलीत सात मशीन, एक लांबलचक कापायचं टेबल आणि बारा बायका. गेल्या वर्षी एका सकाळी कॉलर कशी बेतायची ते दाखवता दाखवता तिची शुद्ध गेली. दोन मिनिटांत उठून बसली आणि माझी कात्री कोणी घेतली म्हणून विचारायला लागली. मग पुन्हा एकदा तसंच झालं, घरी, भांडी पुसताना. तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो झाले, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी प्रमाण कमी झालं, पण पुरतं थांबलं नाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "कारण सापडलेलं नाही. कदाचित सापडणारही नाही. उंचावर चढू नका, गाडी चालवू नका, जवळ कुणीतरी असू द्या. बाकी सगळं करा."

मामाने यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

त्याने नवी वही काढली आणि मामीला घरी बसवलं. कारण सापडेपर्यंत क्लास बंद. झोप किती झाली, काय खाल्लं, हवा कशी होती, कुणाशी वाजलं, सगळं रोज लिहायचं. वाजायचं ते याच्याशीच, पण ते मात्र वहीत आलं नाही. एकदा त्याने चहावर बोट ठेवलं. तिचा चहा बंद केला आणि खरोखरच एकवीस दिवस काही झालं नाही. मामा घरात छाती काढून फिरत होता. बाविसाव्या दिवशी मामी केस विंचरता विंचरता कोसळली. चहा बंदच राहिला आणि आता संशय आरशावर गेला. मी हसले. मामी हसली नाही.

"एक तारखेपासून खोलीमालक खोली दुसऱ्या बाईंना देतोय," ती म्हणाली. "त्यांचाही शिवणक्लासच आहे. माझीच खोली, माझ्याच बायका."

"तोवर सापडेल गं."

"आणि नाही सापडलं तर?"

"सापडणार नाही असं होतच नाही."

मामी उठून आत गेली. मला मामाचा मनापासून राग आला होता. तिच्यासाठी हा माणूस पाच महिने धड झोपला नव्हता, हेही मला दिसत होतं, त्यामुळे नीट रागावताही येईना.

त्याच सुमाराला एका आठ मजली इमारतीतल्या लिफ्टने मामाच्या नाकी नऊ आणले. ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबायची. धक्का नाही, आवाज नाही, नुसती थांबायची आणि दहा मिनिटांनी आपली आपण चालू व्हायची. एखाद्या दिवशी दोनदा, मग आठवडाभर अगदी शहाण्यासारखी. मामाने दोर तपासले, ब्रेक तपासले, दारांच्या कड्या तपासल्या. सगळं ठणठणीत. जे बदलता येईल ते बदललं. शेवटी त्याने 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावून लिफ्ट बंद केली.

मामीने हे ऐकलं आणि म्हणाली, "अहो, अशी एखादी पाटी जास्तीची असेल तर घरी आणा. माझ्या गळ्यात अडकवू."

मामा हसला.

शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून मी त्याचा डबा घेऊन त्या इमारतीत गेले. सात मजले चढून माझी बोलती बंद झाली होती. मामा जिन्याजवळ उभा होता आणि समोर सातव्या मजल्यावरच्या बाई होत्या. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. आता गुडघे गेलेत, जिना उतरता येत नाही. त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली आहे आणि दर शनिवारी त्या तिच्याकडे जातात. दोन शनिवार चुकले होते, हा तिसरा.

"मिस्त्री, एक सांगा, ती पडणार आहे का?" बाईंनी विचारलं.

"छे, पडायचा प्रश्नच नाही. थांबते फक्त."

"थांबली तर मला बाहेर काढता येईल?"

"पाच मिनिटांत काढीन."

"मग मला कशाची शिक्षा?"

"कारण सापडत नाहीये ना, बाई. यंत्र काही विनाकारण बिघडत नाही."

"विनाकारण कोण म्हणतंय? असेल की कारण. तुम्हाला ते मिळत नाही, एवढंच. काही गणितं मला आजवर सुटली नाहीत, म्हणून मी शाळेत जायची थांबले नव्हते." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "बहीण वाट बघते हो माझी."

मामाने एकदा पाटीकडे बघितलं. मग त्याने विचारलं, "घरात स्टूल आहे का?"

स्टुलावर बाई बसल्या, एका बाजूला मामा, एका बाजूला मी. सातव्यावरून निघालो. चौथा मजला गेला तशी मामाने कठड्यावरची पकड घट्ट केली. तिसरा गेला. दुसरा गेला. लिफ्ट तळाला टेकली आणि दार उघडलं. काहीच झालं नाही. मामाचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. बाई मात्र केव्हाच फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

त्या दुपारी मामाने लिफ्टमध्ये एक स्टूल पक्कं बसवलं, नवी घंटा लावली आणि पहारेकऱ्याकडून दार उघडून माणूस बाहेर कसा काढायचा ते दहादा करून घेतलं. 'दुरुस्ती'ची पाटी उतरवून त्याने दुसरी लावली: 'लिफ्ट मध्येच थांबू शकते. घाबरू नये. घंटा वाजवून बसून राहावे. माणूस येईल.'

घरी आल्यावर त्याने आणखी एक पुठ्ठा घेतला आणि ठळक अक्षरांत लिहायला बसला. लिहून झाल्यावर तो मामीच्या हातात दिला. तिने मोठ्याने वाचलं.

"'बाई मध्येच थांबू शकतात. घाबरू नये. कात्री बाजूला घ्यावी. कुशीवर वळवावे. घड्याळ बघावे. पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला तर डॉक्टरांना आणि मला फोन करावा.'" तिने वर बघितलं. "हे कुठे लावायचं?"

"क्लासमध्ये. टेबलाच्या वर," मामा म्हणाला. "मी तुला पाच महिने बंद ठेवलं. चुकलो मी. फार चुकलो."

मामी हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. माझेही भरले, लपवत नाही.

मामाने स्वतः जाऊन खोलीमालकाला थांबवलं आणि एक तारखेला मामी आपल्या खोलीत परत गेली. आदल्या दिवशी मामाने बाराही बायकांना पुठ्ठ्यावरचं सगळं करून दाखवलं होतं. बेशुद्ध पडायचं काम माझ्याकडे होतं.

तीन आठवडे सुरळीत गेले. मग एका संध्याकाळी मामीने घरी येऊन पिशवी खुंटीला लावली आणि सहज म्हणाली, "आज झालं हो. बाही जोडताना."

मामा ताडकन उठला. "मग मला फोन का नाही केला?"

"दोन मिनिटांचं काम. एकीने कात्री उचलली, एकीने मला वळवलं, एक घड्याळ बघत बसली. उठले आणि बाही पुरी केली. तुम्ही येऊन काय केलं असतं?"

मामा खाली बसला. त्याने वही काढली, तारीख लिहिली, बिघाड लिहिला आणि कारणाच्या रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. त्याने तो रकाना तसाच सोडला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'बायका जवळ होत्या.'

मग वही मिटून तो म्हणाला, "अगं, चहा टाक. तुझाही टाक."