कुंपणाला छप्पर

पालिकेचा मुकादम चुन्याच्या बादल्या घेऊन लेण्याच्या पायऱ्या चढला, तेव्हा मी आडवा उभा राहिलो. मागे त्याची चार माणसं, हातात कुंचे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. मरोळच्या मागच्या टेकडीवर दगडात कोरलेली लेणी, तिथला मी सरकारी पहारेकरी. शिक्षण चौथी. काम एकच, भिंतीला कोणाला हात लावू द्यायचा नाही.

त्या वर्षी खालच्या वस्तीत गॅस्ट्रोची साथ आली. जुलाब-उलट्या. हॉस्पिटलात जागा नाही. माझी बायको सुमन हिनं सात-आठ आजारी माणसं लेण्याच्या ओवरीत, म्हणजे पुढच्या खांबांच्या पडवीत, आणून झोपवली. तिथंच चूल मांडली. पाणी उकळायची, साखर-मीठ घालून पाजायची. पहारेकरी मी आणि घुसखोर माझ्याच घरातली. बोलणार काय?

मुकादमाचं म्हणणं सरळ होतं. जिथं रोगी, तिथं चुना. मी सांगितलं, भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं आहेत. चुना खाचेत बसला की निघत नाही.

"मग रोगी काढ," तो म्हणाला. "परवा परत येतो."

मी ऑफिस गाठलं. साथीमुळे आमच्या पुरातत्त्व खात्याला तातडीची ग्रँट आली होती, पण ती फक्त वास्तू राखायला. साहेब म्हणाले, त्यातून बांबूचं कुंपण घाल आणि माणसं बाहेर काढ. मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठं, उन्हात?

"ते आपलं खातं नाही, सावंत."

दुसऱ्या दिवशी बांबू आले, ताडपत्री आली. सुमन शिव्या घालील असं वाटलं होतं. ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, "कुंपणाक छप्पर घातलात तर कोण फाशी देतलो?"

मग लेण्यापुढच्या अंगणात बांबूंच्या दोन रांगा रोवल्या. मध्ये सहा हात जागा, वर ताडपत्री. आजारी माणसं त्या कुंपणाच्या पोटात हलवली. चूलही हलवली. मुकादम आला तर ओवरी रिकामी. त्यानं बांबूंच्या बुडाशी चुना टाकला आणि गेला.

चार दिवसांनी साहेब पाहणीला आले. वाकून ताडपत्रीखाली डोकावले.

"सावंत, हे कुंपण आहे?"

"होय साहेब. लेणी ह्या बाजूला, माणसं त्या बाजूला."

"जरा जाड आहे."

"साथ मोठी आहे साहेब."

साहेब हसले नाहीत. कागदावर 'तात्पुरतं कुंपण' लिहिलं आणि सही केली. निघताना ओवरीच्या छताकडे बोट दाखवलं. पहिल्या चुलीचा काळा डाग. साफ कर म्हणाले.

एक म्हातारा गेला. बाकीची आपल्या पायांनी टेकडी उतरली. अक्षरांना चुना लागला नाही. डाग मी घासला, निघाला नाही. नंतर कोणी विचारलंही नाही.

तातडीचा पैसा मागताना कागदावर एकच गरज लिहायची असते. जागेवर दोन असतात. बांबू दोन्हींना तेच.

सुमन गेल्या माघात गेली. टेकडी आता चढवत नाही, तरी महिन्यातून एकदा जातो. नवा पहारेकरी मला ओळखत नाही. "बाबा, हात लावायचा नाय हां," म्हणतो. बरोबर आहे त्याचं. मीही तेच सांगायचो. हात कुठं पोचतोय तिथवर? मी नुसता छतावरच्या डागाकडे बघतो आणि खाली येतो.